अलिबाग की रत्नागिरी: मुंबई किती सोडायची आहे?

"निवृत्तीनंतर समुद्रापाशी राहायचंय. अलिबाग बघू की रत्नागिरी?" बदलीच्या नोकरीत दोन्हीकडे भाड्याने राहून झालंय, त्यामुळे हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतोच. विचारणारा बहुतेक वेळा मोबाइलमधले किनाऱ्याचे फोटो पुढे करतो. किनाऱ्यावरून ठरवू नका. दोन्ही जिल्ह्याची ठिकाणं, समुद्र तोच, १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी तीच आणि मे महिन्यातला घामही तोच. फरक आहे तो मुंबईपासूनच्या अंतराचा, आणि त्या अंतराने दोन्ही गावांचा जो स्वभाव झालाय त्याचा.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली. म्हणजे शहराची कटकट नको, पण शहर हाताशी हवं. आजही अलिबागला घर घेणारा नेमका याच हिशेबाने येतो. रत्नागिरीचा इतिहास उलटा. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ मध्ये इथे आणून ठेवला, तो १९१६ मध्ये इथेच गेला. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत इथेच स्थानबद्ध. सरकारला ज्याला लांब ठेवायचं, त्याला रत्नागिरी! तेव्हा आधी स्वतःला विचारा, तुम्ही वेधशाळा आहात की थिबा?

अलिबागहून मुंबई म्हणजे मांडव्यापर्यंत बस, पुढे तासाभराची लाँच, की गेटवे. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याची रो-रो बोट आहे, गाडीसकट चढायचं. पावसाळ्यात मात्र गेटवेच्या लाँच बंद, रो-रोसुद्धा समुद्राचा रागरंग बघूनच सुटते. मग उरतो पेण-वडखळचा रस्ता. शनिवारी सकाळी वडखळला अडकलेल्या माणसाला समुद्राबद्दल काही विचारू नये.

रत्नागिरी रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, कोकण रेल्वेने पाच-सहा तास. पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रकच वेगळं, हळू. गणपतीत तिकीट मिळणं दुरापास्त. 'आज जाऊन उद्या येऊ' हे डोक्यातून काढून टाकावं लागतं. ते एकदा काढलंत की गाव आवडायला लागतं, हा माझा अनुभव.

आता माणसं. अलिबागची मूळ वस्ती आगरी-कोळी, वाडीवाले बागायतदार, शिवाय इस्रायल आळीतल्या बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, जुनी घरं. त्यातले बरेच जण केव्हाच इस्रायलला गेले. मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, अजून उभं आहे. माणसं बोलायला रोखठोक आणि लावून घेतली तर जिवाभावाची. जानेवारीत शेजाऱ्यांनी आम्हाला पोपटीला बोलावलं होतं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. झालं की नाही हे कळायला वरून पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र वाजलं की काढायचं. ओव्याच्या जातीचा तो वास दोन दिवस हाताला राहिला. पण त्याच रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त बंगल्यांत त्या रात्री अंधार होता. मालक मुंबईत, माळी गावात. शुक्रवारी रात्री दिवे लागतात, रविवारी संध्याकाळी जातात. शनिवारी मासळीचे भाव चढतात, सोमवारी गाव पुन्हा आपलं होतं. तुम्ही या दोनपैकी कोणात मोजले जाणार, ते पहिल्या वर्षातच ठरतं आणि मग बदलत नाही.

(जाता जाता: 'अलिबागवरून आलायस का?' हे तिथे गंमतीतही म्हणू नका. या वाक्यावर बंदी आणावी म्हणून २०१९ मध्ये हायकोर्टात याचिका गेली होती. कोर्टाने फेटाळली, पण राग आहे तो आहेच.)

रत्नागिरी लांब पडल्यामुळे स्वतःपुरती पूर्ण आहे. कॉलेजं, नाट्यगृह, मिरकरवाड्याचं मासळी बंदर, थिबा पॅलेसच्या आवारात जानेवारीतला संगीत महोत्सव, आणि १८२८ सालचं नगर वाचनालय. मी तिथे रोज पेपर वाचायला जायचो. तापाने तीन दिवस गेलो नाही, तर चौथ्या दिवशी शेजारच्या खुर्चीवाल्या आजोबांचा फोन: "आहात ना?" शिमग्यात श्री देव भैरीची पालखी निघते तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर असतं, आणि भाडेकरूलाही कोणी बाजूला उभं करत नाही. याची किंमत अशी की प्रत्येकाला तुमची कुंडली हवी. "मूळचे कुठले? मुलगा काय करतो? मग तुम्ही त्याच्याकडे का नाही?" घर लावून दुसऱ्याच दिवशी हे तिन्ही प्रश्न मला जिन्यात विचारले गेले. एकांत शोधत येणाऱ्याने रत्नागिरीला येऊ नये, गंमत म्हणजे त्याने अलिबागलाच जावं.

दवाखान्याचं थोडक्यात. दोन्हीकडे जिल्हा रुग्णालय आणि सरकारी मेडिकल कॉलेज आहे. मोठं दुखणं निघालं तर अलिबागकर नवी मुंबई गाठतो; रत्नागिरीकर आंबा घाट चढून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जातो. जुलै २०२१ च्या पावसात दरड कोसळून तो घाट बंद पडला होता. हृदयाचा आजार असेल तर माझं मत अलिबागला. इथे भावनेला जागा नाही.

जमिनीचं मात्र नीट ऐका. शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. नसेल तर बिनशेती प्लॉट किंवा फ्लॅट. अलिबागेत मुंबईचा पैसा आल्यामुळे भाव गावाच्या हातात राहिलेले नाहीत आणि दलाल पावलोपावली आहेत. मला एकाने 'समुद्राला लागून' म्हणून प्लॉट दाखवला. भरतीच्या वेळी कुंपण पाण्यात होतं. सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचं, नाव काढल्यावर तो हवापाण्यावर बोलायला लागला. रत्नागिरीत भाव त्या मानाने माणसात आहेत, पण सातबारा उघडला की मुंबई-पुण्यात पांगलेले चौदा वाटेकरी निघतात आणि त्यातल्या एकाची सही कायम राहिलेली असते. वकिलाकडून शोध घेतल्याशिवाय इसार देऊ नका, दोन्हीकडे.

माझा कल लपलेला नाही, मी रत्नागिरीतच राहिलो. पण नातवंडं ठाण्यात असतील आणि दर पंधरवड्याला त्यांना भेटायचं असेल, तर अलिबाग घ्या, तिथे घाट आडवा येत नाही. तसं काही नसेल तर आधी दोन्हीकडे महिना-महिना भाड्याने राहून बघा, आणि तोही जुलैत. डिसेंबरात कोणतंही गाव गोड लागतं. जुलैत कपडे वाळत नाहीत, वीज जाते, ताजी मासळी नसते. घरमालकाला मात्र भाड्याच्याही आधी विचारा: मे महिन्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं?