सेपा लास्टश्रिफ्ट: परत घ्यायला एक बटण, पण आधी सांगायला काय जातं?

सेपा लास्टश्रिफ्ट म्हणजे युरोपच्या सामायिक पेमेंट व्यवस्थेत (सेपा) कंपनीने आपल्या खात्यातून थेट पैसे ओढायची पद्धत. इथे जर्मनीत कुंडिगुंग, म्हणजे सदस्यत्व रद्द करायची नोटीस, पोचल्याची पावती हातात असतानाही जिमवाल्याने तसे पुन्हा पैसे ओढले, म्हणून हे लिहितोय. आयबॅन (खातेक्रमांक), मँडेट (पैसे ओढायला आपण दिलेली परवानगी) वगैरे इथे राहणाऱ्यांना नव्याने सांगायला नको.

माझं डोकं फिरतं ते एकाच गोष्टीने: आधी कळवत नाहीत. भारतात कार्डावर किंवा यूपीआयवर ऑटो-पे लावलं की पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी मेसेज येतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. युरोपातला नियम कागदावर त्याहून उदार, म्हणे १४ दिवस आधी कळवा. पण 'दोघांचं वेगळं काही ठरलं नसेल तर' ही पळवाट ठेवलीय. ते वेगळं कुठे ठरतं? आपण न वाचता टिक केलेल्या अटींमध्ये. तिथे १४ चा एक दिवस झालेला असतो. शिवाय कळवायचं कंपनीने, बँकेने नाही. पगार व्हायच्या आदल्या दिवशी विमा आणि वीज एकदम गेले की खात्यात उरतं काय?

त्यात सही केलेलं मँडेट राहतं कंपनीच्या फायलीत. साध्या, म्हणजे 'कोअर' लास्टश्रिफ्टमध्ये माझी बँक ते बघतही नाही. भारतातल्या नॅचमध्ये, म्हणजे तिथल्या खात्यातून हप्ते कापायच्या व्यवस्थेत, निदान आपली बँक ते आधी नोंदवून घेते. मला ही सगळी पद्धतच बावळट वाटायची.

जिमच्या प्रकरणानंतर मत बरंचसं बदललं. ॲपमध्ये ती नोंद उघडली. खाली मँडेटचा नंबर, कंपनीचा ग्लॉयबिगर-आयडी (पैसे ओढणाऱ्याचा ओळख क्रमांक), आणि त्याखाली 'परत करा'. दाबलं. कारण विचारलं नाही, फॉर्म नाही, शाखेत खेटे नाहीत. आठ आठवड्यांच्या आत हा हक्कच आहे, आणि पैसे ज्या तारखेला गेले त्याच तारखेच्या हिशेबाने परत जमा होतात, म्हणजे ओव्हरड्राफ्टचं व्याजही बसत नाही. मँडेट दिलंच नसेल तर मुदत १३ महिने. धंद्याच्या बी-टू-बी लास्टश्रिफ्टला मात्र आठ आठवड्यांची ही सोय नाही. फ्रीलान्सरांनी सही करताना बघून घ्यावं.

पण पैसे परत आले म्हणजे देणं फिटलं असं नाही. ओळखीतल्या एका पुणेकराने रागाच्या भरात इंटरनेटचं बरोबर असलेलं बिल फिरवलं. बिल भरावं लागलंच, वर परतीचा खर्चही त्याच्याच माथी.

जाता जाता: माझं खातं 'एलटी'ने सुरू होणारं, लिथुआनियाचं, कारण फुकट आहे. मोबाइल कंपनीचा फॉर्म 'डीई'शिवाय, म्हणजे जर्मन खात्याशिवाय, काही घेईना. २०१२ च्या सेपा नियमावलीच्या कलम ९ नुसार खातं युरोपीय संघातल्या कुठल्या देशात असावं ही अट कंपनीला घालता येत नाही. तेवढं एक वाक्य ईमेलने पाठवलं आणि तेच खातं मुकाट्याने चाललं. महिन्याला फी खाणारं जर्मन खातं मी त्यानंतर बंदच केलं.

एखाद्या कंपनीला आपल्या खात्यावर बंदी घालायची किंवा रकमेला मर्यादा लावायची सोयही बँकेने देणं बंधनकारक आहे. माझ्या ॲपमध्ये तसं बटण सापडलं नाही, चॅटवर मागे लागून करून घेतलं. पुढच्या महिन्यात जिमवाल्याने पुन्हा हात घातला, तो रिकामाच परत गेला. आता त्याने परतीचा खर्च मागणारं पत्र पाठवलंय. उत्तरादाखल पावतीची झेरॉक्स पाठवली, साध्या टपालाने. रजिस्टर्डचे पैसे मी का घालू?