बुडबुड्यात शिरायचं की पाण्यातूनच धावायचं?

पाण्याखालच्या अतिवेगावर प्रबंध करायचा ठरला की मन आधी सुपरकॅव्हिटेशनकडे, म्हणजे यानाभोवती वायूची किंवा वाफेची पोकळी उभी करून तिच्या आतून धावण्याच्या तंत्राकडे, धावतं. माझंही धावलं. कारण उघड आहे. यानाचं अंग पाण्याला लागून असेल, तर सेकंदाला 100 मीटर वेगात नुसत्या घर्षणापायी दर चौरस मीटरमागे सुमारे एक मेगावॉट शक्ती जाते. सोव्हिएत के-162 पाणबुडीने 1970 मध्ये 44.7 नॉट (ताशी सुमारे 83 किलोमीटर) गाठले, तेही दोन अणुभट्ट्यांच्या जोरावर. उलट 1977 मध्ये दाखल झालेला श्क्वाल टॉर्पेडो पोकळीत राहून 200 नॉटच्या (ताशी सुमारे 370 किलोमीटर) आसपास पळतो. नुसते आकडे पाहिले तर वाद मिटला.

पण पोकळी आपोआप उभी राहत नाही. कॅव्हिटेशन अंक म्हणजे पाण्याचा दाब आणि वेग यांचं गुणोत्तर; तो जितका कमी, तितकी पोकळी मोठी. पृष्ठभागाजवळ तो 0.1 वर आणायला ताशी साधारण 170 किलोमीटर वेग हवा. 100 मीटर खोलीवर तोच 530 च्या आसपास जातो. म्हणून वायू बाहेरून सोडावा लागतो. कमी वेगाच्या प्रयोगशाळेत तर त्यावाचून सहसा गत्यंतर नसतं.

माझं घोडं अडलं ते या वायूपाशी. पोकळी उभी करायला जितका वायू लागतो, त्याहून बऱ्याच कमी वायूवर ती टिकते. त्यामुळे वायू सोडणारी झडप त्याच खुणेवर असली, तरी आधी ती वाढवत आणली की कमी करत, त्यावर दोन वेगळ्या पोकळ्या मिळतात. वायू जरा जास्त झाला की पोकळी धडधडायला लागते. शिवाय कमी वेगात तिचं मागचं टोक वर उचललं जातं आणि यानाच्या प्रतिकृतीची खालची बाजू पाण्याला टेकते. टेकेपर्यंत तिथे बल जवळपास शून्य, टेकताच झटका. पोकळीत उत्प्लावक बलाचा आधार उरत नाही, तेव्हा प्रत्यक्ष यानाला वजन पेलायला बहुधा हाच टेकू घ्यावा लागतो. मोकळं धावणारं यान मग शेपटी आपटत जातं. सकाळी काढलेला आलेख दुपारी जुळेना, तेव्हा माझा धीर सुटला.

पाण्यात भिजणाऱ्या यानाचीही दुखणी आहेत. पंख्याच्या पात्यांवर बुडबुडे धरतात. पंपजेटने, म्हणजे नळीत बसवलेल्या पंख्याने, ते लांबणीवर टाकता येतात, टाळता येत नाहीत. वेग दुप्पट करायचा तर शक्ती जवळजवळ आठपट. सुधारणा टक्क्या-टक्क्याने येते. पण आज आलेला टक्का उद्या मोजला तरी तिथेच असतो, यानाला वळता येतं, आणि सोनार (आवाजावरून पाण्यातल्या वस्तू शोधणारं यंत्र) स्वतःच्या गोंगाटात तितका बहिरा होत नाही.

नियंत्रणशास्त्राची मनापासून ओढ असेल, तर पोकळीइतका कसदार विषय क्वचितच मिळेल. तो सोडा असं मी म्हणणार नाही. मात्र हाताशी असलेल्या जलबोगद्यातल्या (स्थिर प्रतिकृतीवरून पाणी वाहवणारी चाचणीनळी) पाण्याचा वेग सेकंदाला 10 मीटरच्या वर जात नसेल आणि प्रबंध ठरल्या मुदतीत संपवायचा असेल, तर माझं मत भिजणाऱ्या यानाकडेच झुकतं. विषय नोंदवण्याआधी त्या बोगद्यावर एकदा झडप वर-खाली करून पोकळीची लांबी मोजून घ्या.