कूलिंग टॉवरच्या पाण्यासाठी एक्सेल शीट की फ्रीक-सी?

आमच्या प्लांटला बोअरचं पाणी, चांगलंच कडक. ॲसिड किती सोडायचं, ब्लोडाऊन (टॉवरमधलं घट्ट झालेलं थोडं पाणी सोडून देणं) किती करायचा हे ठरवायला मी तीन वर्षं एलएसआयची (लँगेलियर इंडेक्स, शून्याच्या जितका वर तितका थर बसायचा धोका जास्त) एक्सेल शीट वापरली आणि आता दोन वर्षं फ्रीक-सी वापरतोय (पाण्याच्या रसायनाचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर, शोधताना पीएचआरईईक्यूसी असं टाका, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं आहे, फुकट मिळतं).

शीट सोपी आहे यात वादच नाही. पीएच, तापमान, टीडीएस, कॅल्शियम, अल्कलिनिटी, पाच आकडे टाकले की झालं, शिफ्टचा ऑपरेटरसुद्धा भरतो. फ्रीक-सीत सगळं टाइप करायचं, कीवर्ड चुकला की अडलं, पहिला महिना मला जडच गेला.

पण शीटवरून माझं मन उडालं ते एका रिपोर्टामुळं. लॅब बदलली होती, नव्या रिपोर्टात कॅल्शियम ९६ लिहिलेलं, म्हणजे नुसतं कॅल्शियम, आणि शीटला हवं होतं कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, म्हणजे अडीचपट, २४०. आम्ही ९६ च टाकलं. शीटनं हूं की चूं केलं नाही, इंडेक्स ०.९ यायला हवा तिथं ०.५ दाखवला, आम्हाला वाटलं पाणी सुधारलं, ॲसिड कमी केलं. दोन महिन्यांनी कंडेन्सर उघडला तर ट्यूबमध्ये पांढरा थर, नखानं निघेना, ॲसिडचा थेंब टाकला की फसफसायचा.

नंतर तीच चूक, म्हणजे ९६ हे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबातलं धरायची, मी मुद्दाम फ्रीक-सीत करून बघितली. आऊटपुटमध्ये पर्सेंट एरर उणे १७! म्हणजे धन आणि ऋण आयन जुळत नाहीयेत, कुठला तरी आकडा चुकलाय. शीट क्लोराइड, सल्फेट, सोडियम विचारतच नाही, मग तिला कळणार कुठून?

शिवाय एलएसआय नुसता कल सांगतो, फ्रीक-सी लिटरमागं किती मिलिग्रॅम कॅल्साइट (थरातलं कॅल्शियम कार्बोनेट) बसू शकतं तेही काढून देतं. टॉवरमधली वाफही धरता येते, एक किलो पाण्यात साधारण ५५.५ मोल असतात, त्यातले ३७ काढा की पाणी तिपटीनं घट्ट, मग कंडेन्सरच्या तापमानाला बघायचं काय बसतंय.

अर्थात थर किती वेगानं बसेल हे ते सांगत नाही, तुमचं अँटिस्केलंट (थर बसू न देणारं रसायन) त्याला कळत नाही, आणि गंजाचा वेग बघायला कूपन (वजन केलेल्या धातूच्या पट्ट्या) टांगायलाच लागतात. एकच बोअर, एकच लॅब, पाणी वर्षभर सारखं, असं असेल तर शीटवर भागेलही बहुतेक. पण पावसाळ्यात पाणी बदलत असेल, टँकर येत असतील, तर माझ्या मते तो एक महिना त्रास काढाच. मी तर आता रिपोर्ट आला की आधी पर्सेंट एरर बघतो, ५ च्या वर गेला की डोसिंगला हात लावायच्या आधी लॅबला फोन.