ओआरएसचं पाकीट: युद्धातल्या सनामध्ये लागलेली कसोटी

पाकीट २०.५ ग्रॅमचं, एक लिटर पाण्यासाठी. आत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. आपल्याकडे जुलाबात आशाताई जलसंजीवनी म्हणून घरी देतात ती हीच पुडी. हिची ताकद आणि मर्यादा दोन्ही बघायच्या तर येमेनची राजधानी सना बघावी.

तिथे युद्धात पाण्याचे पंप डिझेलअभावी रखडले. २०१६च्या उत्तरार्धापासून सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार थकले. एप्रिल २०१७मध्ये सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची वीज गेली, मग सफाई कामगारांचा संप झाला, साचलेल्या कचऱ्यावर पाऊस पडला. १४ मे २०१७ला कॉलऱ्यामुळे शहरात आणीबाणी जाहीर झाली. मार्च २०१८पर्यंत देशभरात ११ लाखांवर संशयित रुग्ण आणि सुमारे २,४०० मृत्यू नोंदले गेले, म्हणजे हजारात दोनच्या आसपास. उपचार नसतील तर तीव्र कॉलऱ्याचे निम्मे रोगी दगावतात.

हजारात दोनचा हा आकडा जपून वाचावा. 'संशयित' रुग्णांत साधे जुलाबही मोजले गेले, आणि घरी झालेले कितीतरी मृत्यू नोंदीत आलेच नाहीत. खरं प्रमाण याहून जास्त असणार. तरीही रुग्णांचा आलेख आभाळाला भिडलेला असताना मृत्यूंचा आलेख त्याच्यामागे धावला नाही, याचं मोठं श्रेय वस्त्यांमधल्या ओआरएस केंद्रांना आणि उपचार केंद्रांतल्या सलाईनला आहे. मृत्यू रोखण्यात पाकीट अव्वल. रोगाचा फैलाव मात्र ते तसूभरही थांबवत नाही. ते काम क्लोरीनचं आणि गटारांचं.

पाकीट काम कसं करतं? ग्लुकोज आतड्यातून आत जाताना सोडियमला सोबत नेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. कॉलऱ्याच्या विषाने ही वाट बंद होत नाही. १९७१च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मिश्रण पिंपांतून पाजलं, तेव्हा मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं.

सगळ्यात जास्त घोटाळा पाण्याच्या मापात होतो. लिटरची पुडी एका पेल्यात कालवली तर रक्तातलं सोडियम धोकादायक वाढतं, लहान मुलाला झटके येऊ शकतात. तीच दोन लिटरमध्ये टाकली तर मीठ अपुरं पडतं. वर साखर घातली तर आतड्यात पाणी ओढलं जाऊन जुलाब वाढतात. पाणी आधी उकळून गार करावं किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवावं. पुडी टाकल्यावर उकळू नये. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यावं.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली. शोष (अंगातलं पाणी कमी होणं) दिसू लागला असेल तर पहिल्या चार तासांत किलोमागे ७५ मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावं. बहुतेक घरांत इथेच हात आखडतो, आणि तिथेच मूल हातचं जातं. मुलांना दहा ते चौदा दिवस झिंकही हवं: रोज २० मिग्रॅ, सहा महिन्यांखाली १० मिग्रॅ.

गुंगी, न लागणारी नाडी, चिमटा काढलेली कातडी वरच राहणं: इथे पाकिटावर विसंबू नये. रिंगर लॅक्टेटची सलाईन लागते, किलोमागे १०० मिली. एक वर्षावरच्या रोग्याला त्यातले ३० मिली पहिल्या अर्ध्या तासात, उरलेले ७० अडीच तासांत. वेढलेल्या शहरात रस्ता बंद म्हणजे हा अर्धा तास गेला.

उपासमारीच्या शहरात आणखी एक अडचण येते. अतिकुपोषित मुलांसाठी रेसोमल नावाचं कमी सोडियमचं मिश्रण असतं. कॉलऱ्यात ते देऊ नये. या मुलांनाही नेहमीचंच ओआरएस, पण सावकाश आणि देखरेखीखाली.

आपल्या दुकानांत घेताना वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आणि किती पाण्यासाठी, हे दोन्ही वाचावं. २०० मिलीची छोटी पुडीही मिळते. दोन्ही आकार एका डब्यात ठेवू नयेत. फळांच्या चवीची तयार गोड पेयं जुलाबात देऊ नयेत. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली आहे.