फॅनफिक्शनवर प्रबंधिका लिहायचीय? १९९२ ची दोन पुस्तकं, आधी कोणतं?

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या मालिकेतल्या किंवा पुस्तकातल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, घेतलं तर चालेल का, हा प्रश्न आता कुणी दबक्या आवाजात विचारत नाही. चालतं. अडतं ते पुढे, वाचन कुठून सुरू करायचं तिथे. या अभ्यासाचा पाया घालणारी दोन पुस्तकं एकाच वर्षी, १९९२ मध्ये, अमेरिकेत निघाली: हेन्री जेनकिन्स यांचं ‘टेक्श्चुअल पोचर्स’ आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांचं ‘एंटरप्रायझिंग विमेन’. दोन्हींतली माणसं जवळपास सारखीच. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेसारख्या मालिकांतल्या पात्रांवर कथा लिहिणाऱ्या, त्यांची फॅनझिन किंवा नुसतं झिन, म्हणजे चाहत्यांनीच छापलेली मासिकं, काढणाऱ्या आणि चाहत्यांच्या संमेलनांत ती विकणाऱ्या बायका. तरी पुस्तकं लागोपाठ वाचलीत तर दोघं एकाच गावाला जाऊन आलेत असं वाटत नाही.

जेनकिन्स चाहत्यांचं वकीलपत्र घेऊनच बसलेत. सुरुवात होते ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी विनोदी टीव्ही कार्यक्रमातल्या १९८६ च्या एका प्रहसनापासून. त्यात ‘स्टार ट्रेक’मध्ये कॅप्टन कर्कचं काम करणारा विल्यम शॅटनर चाहत्यांनाच झापतो, की अरे, आयुष्यात दुसरं काही करा! पुढचं सगळं पुस्तक म्हणजे या टोमण्याला दिलेलं उत्तर. त्यासाठी ते मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताची प्रतिमा उसनी घेतात. वाचक म्हणजे परक्याच्या रानात घुसून चोरटी शिकार करणारा. पण द सर्तोचा वाचक शिकार खाऊन पुढे निघून जातो. जेनकिन्सचे चाहते तिचं काही ना काही बनवून ठेवतात. कथा, गाणी, व्हिडिओ.

प्रबंधिकेच्या दृष्टीनं या पुस्तकातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे मालिका नव्यानं लिहिण्याच्या दहा रीतींची यादी. दोन भागांच्या मधली जागा भरणं, गोष्ट मागे किंवा पुढे नेणं, खलनायकाच्या बाजूनं सांगणं, दोन मालिकांची पात्रं एकत्र आणणं, वगैरे. ‘स्टार ट्रेक’ मालिकेत संदेश घेण्या-देण्यापुरती उरलेली उहुरा कथेच्या मध्यभागी आणली, की ती यातलीच एक रीत. ही यादी शेजारी ठेवून पंचवीस-तीस कथा वाचल्या तर एक प्रकरण सहज उभं राहतं.

इथे एक सावधगिरी. ‘हे तर आपल्याकडे पूर्वीपासून आहे’ असं म्हणून गाइड मोरोपंतांची १०८ रामायणं काढणार. मोह मलाही होतो. ओठ न जुळवता म्हणायचं ‘निरोष्ठ रामायण’ आणि फॅनफिक्शनमधली मोजून शंभर शब्दांची ड्रॅबल कथा, दोन्हींत स्वतःला अट घालून खेळण्याची हौस तीच. पण रामकथेला मालक नव्हता. ‘स्टार ट्रेक’ला होता. रान कुणाच्या मालकीचं असल्याशिवाय चोरटी शिकार होत नाही, आणि जेनकिन्सचा सगळा डोलारा त्या मालकीवर उभा आहे. तुलना करायचीच तर हा फरक आधी मांडा.

बेकन-स्मिथ यांचं पुस्तक वेगळ्याच जातीचं. त्या लोकसाहित्याच्या अभ्यासक. संमेलनांत जातात, बसतात, ऐकतात, आणि स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी ‘संशोधक’ असा करतात. पहिली काही पानं हे खटकतं. मग लक्षात येतं की पुस्तक जवळजवळ रहस्यकथेसारखं रचलंय. त्या एकेक उंबरठा ओलांडत आत जातात आणि आतल्या बायका आपल्याला नेमकं काय दाखवत नाहीत हे शोधत राहतात. ‘मेरी सू’ म्हणजे लेखिकेचीच आदर्श आवृत्ती वाटणारी नायिका. या शिक्क्याच्या धास्तीनं बायकांना कर्तबगार स्त्रीपात्र लिहायचंच कसं अवघड होतं, हे इथे त्यांच्याच तोंडून येतं. एका नायकाला जबर जखमी करायचं आणि दुसऱ्याला त्याच्या उशाशी बसवायचं, अशा ‘हर्ट-कम्फर्ट’ कथांपाशी त्या बराच वेळ थांबतात. या सगळ्या लेखनाच्या मुळाशी वेदना आहे, असं त्यांना वाटतं. हा निष्कर्ष अनेकांना जड गेला. मला तो पूर्ण पटत नाही, पण जेनकिन्सच्या उत्साहात ही काळी बाजू दिसतच नाही, हेही खरं.

मग आधी कोणतं? माझं मत उलट्या बाजूनं जातं. तुम्ही स्वतः फॅनफिक्शन वाचत-लिहीत असाल तर बेकन-स्मिथ. नसाल तर जेनकिन्स. मी चाहती असून जेनकिन्सपासून सुरुवात केली आणि पहिले सहा महिने पानोपानी मान डोलावण्यात गेले. जे आधीच माहीत होतं त्याला भारदस्त नावं मिळाली, एवढंच. उलट बाहेरच्या माणसानं बेकन-स्मिथ आधी वाचलं तर ‘बिचाऱ्या बायका’ असा सूर लागायला वेळ लागत नाही. हाताशी चारच महिने असतील तर मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवा आणि जेनकिन्सची पद्धत, म्हणजे त्यांची यादी शेजारी ठेवून कथा वाचणं, घ्या. बेकन-स्मिथसारखं आत शिरायला वर्षं लागतात.

दोन्हींवरची टीका एकत्र हवी असेल तर मॅट हिल्स यांचं २००२ चं ‘फॅन कल्चर्स’ पाहा. वंश आणि वर्ण हा विषय या दोघांनी जवळपास वगळलाय. त्यासाठी रुक्मिणी पांडे यांचं २०१८ चं ‘स्क्वी फ्रॉम द मार्जिन्स’ टाळू नका, भारतात बसून लिहिणाऱ्यांनी तर नाहीच.

आणखी एक. ही पुस्तकं झिनच्या काळातली. तुमची सामग्री बहुतेक ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर असेल, जिथे आज १ कोटीहून जास्त कथा आहेत. ‘ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स अँड कल्चर्स’ हे २००८ पासूनचं, फुकट वाचता येणारं नियतकालिक अशा कथांचा उल्लेख करण्याआधी लेखिकेची परवानगी घ्या, असं आग्रहानं सांगतं. आर्काइव्हवर लेखिकेला कथा तशीच ठेवून आपलं नाव काढून टाकता येतं. तिथे नुसतं ‘ऑर्फन अकाउंट’ असं उरतं, आणि परवानगी मागायला माणूसच सापडत नाही. तेव्हा विचारणा करायची ती पहिल्याच महिन्यात करा.