कवचांपासून इंधन देणारे छोटे संयंत्र : वापरानंतरचे परीक्षण
अक्रोड, बदाम यांसारख्या फळांच्या कठीण कवचांचे इंधनात रूपांतर करणारे हे पायरोलिसिस संयंत्र आमच्या प्रक्रिया केंद्रात आल्यापासून कवचांच्या ढिगांचा प्रश्न सुटला आहे, आणि एवढ्यासाठीही मी त्याची शिफारस करीन. बंद पात्रात, प्राणवायूचा संपर्क टाळून, कवच सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की ते जळत नाही, तर विघटित होऊन त्यातून कोळसा, वायू आणि वाफा थंड केल्यावर मिळणारे जैवतेल तयार होते.

कोळसा ही या यंत्राची खरी कमाई आहे. कवचांत लिग्निन (लाकडाला व कवचाला कठीणपणा देणारा घटक) भरपूर आणि राख कमी असल्यामुळे तो घट्ट, कमी धुराचा आणि बराच वेळ धगधगणारा मिळतो. उरलेला वायू त्याच भट्टीत जाळला जात असल्याने एकदा ती तापली की बाहेरचे इंधन थोडेच लागते.

जैवतेल डिझेलला पर्याय आहे, हा विक्रेत्याचा दावा मात्र मला मान्य नाही. त्यात बहुधा १५ ते ३० टक्के पाणी असते, उष्मांक डिझेलच्या निम्म्याहून कमी असतो, साठवणीत ते घट्ट होत जाते आणि त्याच्या आम्लतेमुळे साधे लोखंड गंजते. म्हणून तेलाची टाकी स्टेनलेस स्टीलचीच द्यायला हवी होती. योग्य बर्नर असलेल्या बॉयलरमध्ये ते चालते, पण प्रक्रिया न करता इंजिनात घालू नये.

काजूची टरफले वापरणाऱ्यांनी अधिक सावध राहावे, कारण त्यांतील तेल त्वचेला दाहक असते.