रीफर (द्राक्षांचा गार कंटेनर) भरणारी हमालांची टोळी, पिंपळगाव बसवंत: हात पक्का, दाराशी ढिलाई

न्हावाशेवा बंदरातली क्रेन सीलबंद डबा उचलून जहाजावर ठेवते, आतली रचणी तिला दिसत नाही. द्राक्षांपुरतं बोलायचं तर जहाज भरलं जातं ते नाशिकच्या पॅकहाऊसच्या दारात. म्हणून टोळी ठरवताना हमालीचा दर नंतर, रचणी आधी.

रचणीत ही टोळी पक्की आहे. चाळीस फुटी हायक्यूबमध्ये (उंच कंटेनरमध्ये) 1 बाय 1.2 मीटरची 20 पॅलेट (पेट्या रचायच्या लाकडी चौकटी) बसतात: एका बाजूला 11 आडवी, दुसऱ्या बाजूला 9 उभी. पहिली दोन तिरकी गेली की शेवटचं दारात अडकतं आणि परत सगळं बाहेर. इथे एक जण हँड पॅलेटला, म्हणजे पॅलेट ओढायच्या हातगाडीला, हातच लावत नाही. भिंतीला पाठ लावून नुसता बोटाने "अजून डावीकडं" दाखवत राहतो. पेट्यांची हवेची भोकं एकावर एक, कोपऱ्यांना अँगल, पट्टी ताणलेली, माल कुठवर रचायचा ते दाखवणाऱ्या लाल रेषेच्या वर एकही पेटी नाही.

घोळ दाराशी होतो. शेवटच्या पॅलेटपुढे उघडी राहिलेली जमीन पुठ्ठ्याने झाकायची असते, ते दर वेळी सांगावं लागतं. गार हवा जमिनीतल्या खाचांमधून येते. मोकळी वाट मिळाली की तिथूनच वर निघून जाते आणि दाराकडचा माल तापतो. शिवाय दार उघडं असताना गारव्याचं मशीन चालू ठेवायची खोड. बाहेरची दमट हवा आत शिरून कॉइलवर बर्फ धरतो. रीफर गार माल गार ठेवतो, गरम माल गार करत नाही. त्यामुळे भरण्याआधी मण्यात थर्मामीटरची सुई टोचून तापमान शून्याच्या आसपास आहे का, हे आपणच बघावं.

पैसे पेटीवर, त्यामुळे घाई. कंटेनर चार तास उशिरा आला तर बसून राहिल्याचं काही मिळत नाही. मग रात्री दोनला पुठ्ठा कुणाला आठवणार? हंगाम संपला की हेच लोक कांद्याच्या 50 किलोच्या गोण्या उचलतात. 1969 च्या माथाडी कायद्याखाली माथाडी मंडळात नोंद असली तर लेव्हीतून (मजुरीवर मालक भरतो त्या रकमेतून) भविष्य निर्वाह निधी आणि बोनस मिळतो. इथे मुकादम रोख वाटतो, पावती नाही. दर कमी दिसतो तो यामुळेच.

बोलवायची असेल तर थांबण्याचा दर आधी कागदावर घ्या, आणि पुठ्ठा मापाने कापून दाराशी ठेवा.